पुलावर पाणी येण्याआधी रस्ता कुणी बंद करावा?

१/
पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ भामरागड हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव वसले आहे. आलापल्लीहून निघालेला रस्ता सुमारे ६५ किलोमीटर जंगल कापत येतो आणि गावाच्या वेशीवर पर्लकोटा ओलांडतो. तिथला जुना पूल ठेंगणा. आषाढ-श्रावणात नदी फुगली की पूल दिसेनासा होतो आणि वृत्तपत्रांत दरवर्षीचे वाक्य पुन्हा छापले जाते : भामरागडचा संपर्क तुटला.

२/
पाण्याने रस्ता बंद होणे आणि सरकारने रस्ता बंद करणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरीसाठी एक माणूस लागतो. पाणी पुलाला टेकण्याआधी तो रस्त्यावर बांबू आडवा टाकतो आणि समोरच्या चालकाला परत फिरायला सांगतो. त्याला हा अधिकार कुठून मिळाला, तो त्याने कधी वापरावा आणि वापरल्यावर पलीकडे राहिलेल्यांचे काय, या तीन प्रश्नांचा हा थ्रेड आहे.

३/
पावसाळ्यातील प्रवासावरची बंदी आजच्या सरकारांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. त्याचे कारण विनयपिटकातच सांगितले आहे. भर पावसात फिरणारे भिक्खू हिरवे कोंब तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांची तक्रार होती. जैन मुनींचा चातुर्मासही याच ऋतूतला. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आजही उभी आहेत, म्हणजे हा नियम पाळणारा संघ या मुलखातही नांदत होता.

४/
या नियमातील अपवाद अधिक बोलके आहेत. एखादा भिक्खू आजारी पडला, आई किंवा वडील आजारी पडले, तर वर्षावास मोडून सात दिवसांपर्यंत जाण्याची मुभा होती. निवासस्थानालाच पुराचा किंवा आगीचा धोका झाला तर ते सोडण्यात दोष नव्हता. फिरण्यास मनाई करणाऱ्याने अडचणीत सापडलेल्याची वाटही आधीच आखून ठेवावी, एवढी समज त्या नियमात होती. आजच्या कोणत्याही बंदी-आदेशाला लावण्यासारखी ही कसोटी आहे.

५/
आता एकोणिसाव्या शतकात. १८६० मध्ये निजामाच्या ताब्यातील गोदावरीकाठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचे मुख्यालय झाले. आज महाराष्ट्राच्या टोकाचा तालुका म्हणून ओळखले जाणारे हे गाव तेव्हा एका मोठ्या स्वप्नाच्या मध्यभागी होते. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस नदीमार्गे थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायचा, अशी ती योजना होती. सर आर्थर कॉटन हे तिचे खंदे पुरस्कर्ते.

६/
नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. ते ओलांडण्यासाठी कालवे आणि बंधारे बांधायला घेतले गेले. गंमत अशी की जलवाहतुकीला पात्रात भरपूर पाणी हवे, म्हणजे पावसाळी पाणी हाच तिच्या सोयीचा काळ. ज्या ऋतूत जमिनीवरची वाट बंद होई, त्याच ऋतूत ही वाट उघडणार होती. खर्च वाढत गेला, रेल्वे आली, १८७१ मध्ये काम थांबले आणि १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडीत निघाला. गोदावरीची वाट सुरू झाली नाही आणि पावसाळ्यातली जमिनीची वाट बंदच राहिली.

७/
पुढची शंभर वर्षे या भागातील बहुतेक रस्ते कोरड्या ऋतूचेच होते. पावसाळ्यापूर्वी मीठ, धान्य, तेल भरून ठेवायचे आणि दिवाळीपर्यंत गाव सोडायचे नाही, ही रीत होती. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हाही पावसाळ्यात हा भाग जगापासून तुटलेलाच असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा गडचिरोली जिल्हा झाला. त्यानंतर रस्ते वाढले, एसटी वाढली, मालवाहू गाड्या वाढल्या. आणि इथेच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

८/
पायी किंवा बैलगाडीने जाणारा माणूस पुरापुढे थांबतो. बैल पाण्यात पाय टाकायला तयार होत नाही आणि धनी त्याचे ऐकतो. इंजिनाला भीती नसते. शिवाय या भागातील पुष्कळ नाल्यांवर पूल नव्हते, रपटे होते. रपटा स्वस्त असतो, कारण तो पुराच्या वर उचललेला नसतो. वर्षातले काही तास किंवा काही दिवस त्यावरून पाणी वाहणार, हे बांधणाऱ्याने आराखड्यातच मान्य केलेले असते. रपट्याच्या आराखड्यात रस्ता बंद राहण्याचे तास आधीच धरलेले असतात. फक्त त्या तासांत वाहनांना थांबवणाऱ्या माणसाची तरतूद आराखड्यात नसते.

९/
पाणी किती आले की धोका, याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. सहा इंच वाहते पाणी चालकाचा ताबा सोडवू शकते. फूटभर पाणी लहान मोटार उचलू शकते आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक वाहनांना ओढून नेते. कारण साधे आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते आणि वाहन जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाने पाणी त्याला वर उचलते. चाके हलकी होतात, मग प्रवाह बाजूने ढकलतो. गढूळ पाण्याखाली रपट्याची कड तुटली असेल तर ती दिसतही नाही.

१०/
जुलै २०२२ मध्ये आलापल्ली-भामरागड मार्गावरील पेरमिली नाल्याच्या पुरात एक ट्रक वाहून गेला आणि त्यातील माणसे दगावली. नाला म्हणजे नदी नव्हे, म्हणून त्याला कुणी फारसे घाबरत नाही. पण नदीपेक्षा नाला अधिक फसवा. नदी तासातासाने चढते, तर वरच्या जंगलात ढग फुटला की नाला पाहता पाहता भरतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेला चालक संध्याकाळी त्याच आठवणीवर भरवसा ठेवून गाडी घालतो.

११/
गडचिरोलीबाहेरची एक घटनाही इथे आठवावी लागते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एसटीची बस त्यात घातली गेली आणि ती वाहून गेली. जीव गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर चालकाला दोष दिला जातो. दोष असतोही. पण त्या क्षणी स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललेले असते, हे समजून घेतल्याशिवाय असा प्रसंग टळणार नाही.

१२/
पुराच्या पाण्यापुढे थांबलेला चालक एकटा नसतो. मागे वाहनांची रांग असते. गाडीत घरी पोहोचण्याची घाई असलेले प्रवासी असतात, त्यातला एखादा म्हणतो, “परवा यापेक्षा जास्त पाणी होतं.” समोरून एक ट्रॅक्टर पाणी कापत येतो. वेळापत्रक असते, भरलेल्या मालाची चिंता असते आणि थांबलो तर भित्रे ठरू ही लाज असते. एवढ्या दबावाखाली दर वेळी बरोबर निर्णय घेण्याची अपेक्षा एका माणसाकडून करायची, आणि तो चुकला की सगळा दोष त्याच्या माथी मारायचा, हे सोयीचे आहे, न्याय्य नाही.

१३/
आडव्या बांबूचे खरे काम इथे कळते. तो चालकाचे स्वातंत्र्य काढून घेतो हे खरे, पण त्याबरोबर त्याच्या डोक्यावरचा भारही काढून घेतो. “रस्ता बंद आहे” एवढे सांगता आले की त्याला प्रवाशांशी वाद घालावा लागत नाही, वरिष्ठांना उशिराचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, भित्रेपणाचा शिक्का बसत नाही. थांबायची इच्छा असूनही थांबता न येणाऱ्या माणसाला बंदी आधार देते. व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने बंदीला विरोध करणारे ही बाजू सहसा विसरतात.

१४/
बंदी नसताना काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत दुःखद उदाहरण कोकणातले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि काही खाजगी वाहने अंधारात नदीत गेली. पूल पडला आहे हे येणाऱ्या चालकांना दिसणे शक्य नव्हते. पुढची वाहने थांबवली ती पुलाजवळच असलेल्या एका सामान्य माणसाने, धोका ओळखून, रस्त्यावर येऊन. त्या रात्री बंदीचा पहिला आदेश देणाऱ्याकडे कोणतेही पद नव्हते.

१५/
अधिकार मात्र कायद्यात होता आणि आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११५ राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, अथवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे, वाहने चालवण्यास मनाई करू देते. त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यातही अशी तरतूद होती. बंदी एक महिन्यापेक्षा अधिक काळाची नसेल तर राजपत्रात छापण्याचीही गरज नाही. परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी पुरेशी. पुलाशेजारी फलक, गावात दवंडी, भोंगा, एवढ्याने आदेश कायदेशीर ठरतो.

१६/
दुसरा कायदा २००५ चा, आपत्ती व्यवस्थापनाचा. त्याच्या कलम ३४ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण बाधित किंवा धोक्यातील क्षेत्राकडे जाणारी, तिथून येणारी आणि आतील वाहतूक रोखू शकते. आदेश मोडणाऱ्यास शिक्षाही आहे. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि लोकांनी निवडलेला स्थानिक प्रतिनिधी सहअध्यक्ष. तेव्हा ‘सरकारला असा अधिकार असावा का’ हा वाद भारतात केव्हाच मिटलेला आहे. खरा वाद वेळेचा आहे आणि जबाबदारीचा आहे.

१७/
आधी वेळ. मोठी नदी इशारा देते. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की पाणी खाली ब्रह्मपुरी, गडचिरोली, चामोर्शी तालुक्यांच्या काठांवर पोहोचायला काही तास लागतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने या काठावरील गावांना वेढले, तेव्हा हे तास किती मोलाचे असतात हे दिसले. बल्लारपूर-राजुरा मार्गावरील वर्धा नदीचा पूलही असाच हळूहळू पाण्याखाली जातो. अशा ठिकाणी पाणी पुलाला लागेपर्यंत वाट पाहण्याचे कारण उरत नाही. नाल्यांचे मात्र तसे नाही. तिथे इशारा देणारा माणूस नाल्याकाठीच असावा लागतो.

१८/
बर्फाच्या देशांत हाच प्रश्न वेगळ्या पांढऱ्या रूपात येतो. फेब्रुवारी १९७८ च्या हिमवादळात अमेरिकेतील बॉस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावर ३,००० हून अधिक मोटारी बर्फात रुतल्या. लोक सकाळी नेहमीप्रमाणे कामावर गेले होते आणि वादळ परतीच्या वाटेवर गाठ पडले. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खाजगी वाहने चालवण्यास बंदी घातली. ती जवळपास आठवडाभर टिकली. बंदी कडक होती, पण मोटारी रुतून झाल्यावर आली होती.

१९/
४४ वर्षांनी, २३ डिसेंबर २०२२ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरावर हिमवादळ आले. वाहनबंदी लागू झाली सकाळी साडेनऊला. तोपर्यंत अनेक लोक कामावर पोहोचले होते. परतीला काहीजण गाडीत अडकले, काही रस्त्यावर गोठले. त्या परगण्यात ४० हून अधिक माणसे गेली. त्यातील काही जण तर घरातच होते. रुग्णवाहिका त्यांच्यापर्यंत पोहोचू शकली नाही म्हणून ते गेले. ही शेवटची ओळ भामरागडच्या संदर्भात पुन्हा आठवावी लागेल.

२०/
शेजारच्या पाकिस्तानात मरी हे थंड हवेचे ठिकाण आहे. जानेवारी २०२२ मध्ये बर्फ पाहायला तिथे पर्यटकांची एवढी गर्दी झाली की डोंगरातील रस्ते भरून गेले. हिमवर्षाव वाढला, गाड्या हलेनात, आणि वीसहून अधिक माणसे आपापल्या गाड्यांत मरण पावली. मरीकडे जाणारे रस्ते त्यानंतर बंद झाले. बॉस्टन, बफेलो आणि मरी या तिन्ही घटनांत चूक एकच दिसते. बंदी आली, पण ती धोक्याच्या मागून आली.

२१/
मग नेहमी आधीच बंदी घालावी का? त्यालाही किंमत आहे. २६ जानेवारी २०१५ च्या रात्री न्यूयॉर्क शहरात दोन-तीन फूट बर्फाच्या अंदाजाने रात्री अकरानंतर वाहनबंदी लावली आणि बर्फामुळे भुयारी रेल्वेही थांबवली. शहराच्या मध्यभागी प्रत्यक्षात सुमारे १० इंच बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी टीका झाली. प्रत्येक चुकलेल्या इशाऱ्याने पुढच्या इशाऱ्यावरचा विश्वास थोडा झिजतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट प्रशासनालाही लागू पडते.

२२/
न्यूयॉर्कमधील कार्यालयीन माणसाची एक रात्र बुडते, पगार बुडत नाही. गडचिरोलीत आषाढ हा रोवणीचा हंगाम. धानाच्या बांधीत रोवणीसाठी बायका मालवाहू गाड्यांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दुसऱ्या गावांना जातात. मजुरी दिवसाची असते, हंगाम काही आठवड्यांचा. चार दिवस रस्ता बंद म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली आणि बांधीतला वेळही गेला. म्हणून पुरातून गाडी घालणाऱ्यांना केवळ बेफिकीर म्हणणे चुकीचे ठरते. पुष्कळदा ते हिशेब करून जातात, आणि त्या हिशेबात त्यांना थांबणे परवडत नाही.

२३/
आता जबाबदारी. अमेरिकेतील बंदीच्या आदेशात सवलतींची यादी असते : रुग्णवाहिका, अग्निशमन, वैद्यकीय कर्मचारी, बर्फ काढणारी यंत्रे. ही यादी तिथेही नेहमी उपयोगी पडत नाही, हे बफेलोने दाखवले. पर्लकोटेच्या काठावर तर ती जवळपास निरर्थक आहे. आदेशातून रुग्णवाहिकेला वगळले तरी पाणी तिला वगळत नाही. इथे पूल बंद झाला की तो सर्वांसाठी बंद होतो. म्हणून इथला अपवाद आदेशाच्या कागदावर लिहून भागत नाही. तो पुलाच्या पलीकडे, पाऊस सुरू होण्याआधी, प्रत्यक्ष तयार ठेवावा लागतो.

२४/
सरकारी यंत्रणेला हे समजत नाही असे नाही. गडचिरोलीत ‘माहेरघर’ नावाची योजना आहे. दुर्गम गावांतील गर्भवतींनी प्रसूतीच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहावे, सोबत घरचे माणूस असावे, जेवणाची सोय असावी, अशी तिची कल्पना. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांत धान्याचा साठा आधीच पोहोचवण्याची पद्धतही आहे. वर्षावासाच्या नियमातील तीच जुनी समज इथे नव्या वेषात दिसते. वाट बंद होणार हे ठाऊक असेल तर गरज वाटेच्या अलीकडे आणून ठेवावी.

२५/
योजना असणे आणि ती प्रत्येकीपर्यंत पोहोचणे यांत अंतर आहे. जुलै २०२४ मध्ये भामरागड तालुक्यात रस्ता पाण्याने तुटल्यावर एका गर्भवतीला जेसीबीच्या पुढच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागला. ते दृश्य देशभर पाहिले गेले. यंत्र चालवणाऱ्याचे धाडस आणि गावकऱ्यांची तत्परता वाखाणण्यासारखी होतीच. पण धाडसाची गरज पडणे हीच व्यवस्थेची उणीव होती. तिचा प्रवास पाऊस येण्याआधी, साध्या जीपने, दिवसाउजेडी व्हायला हवा होता.

२६/
जुलै २०२२ मध्ये या जिल्ह्याने बंदीचा मोठा प्रयोगही पाहिला. अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर अत्यावश्यक सेवा वगळता जिल्ह्यातील व्यवहार तीन दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला. त्याच आठवड्यात गोदावरी चढत गेली आणि सिरोंचा तालुक्यातील अनेक गावे रिकामी करावी लागली. १६ जुलैला खाली भद्राचलम येथे पाण्याची पातळी ७१.३ फुटांवर गेली. ऑगस्ट १९८६ च्या ७५.६ फुटांनंतरची ही सर्वांत मोठी नोंद. तीन दिवसांचा आदेश तेव्हा काहींना अतिरेकी वाटला असेल. पण जो माणूस घरीच राहिला तो पुराच्या पाण्यापुढे निर्णय घ्यायला उभाच राहिला नाही, हा त्या आदेशाचा न दिसणारा लाभ.

२७/
उंच पूल झाले की हा सारा प्रश्न संपेल, असे म्हटले जाते. पर्लकोटेवर उंच पुलाचे काम हाती घेतले गेले आहे आणि ते हवेच होते. कित्येक दशके हा तालुका त्याची वाट पाहत आला. पण प्रत्येक पूल कुठल्या तरी कमाल पुराचा अंदाज धरून बांधलेला असतो, आणि सावित्रीचा पूलही ठेंगणा नव्हता. शिवाय एका मोठ्या नदीवर पूल झाला तरी अलीकडचे-पलीकडचे नाले उरतात. पुलांमुळे बंदीचे दिवस कमी होतील, बंदीची गरज शून्यावर येणार नाही.

२८/
मग उत्तर काय? सरकारने रस्ता बंद करावा, आणि तो पाणी टेकण्याआधी करावा. मात्र बंदी हा अर्धाच आदेश आहे. उरलेला अर्धा मे महिन्यात पाळायचा असतो : पलीकडच्या गर्भवतींची यादी, औषधांचा साठा, धान्य, रपट्याकाठी नेमलेला माणूस, त्याच्या हाती शिट्टी आणि कंदील, पाण्याची खूण सांगणारा रंगवलेला खांब, आणि बुडालेल्या मजुरीसाठी काही तरी भरपाई. हा अर्धा भाग ज्याने पाळला त्याला दुसऱ्या अर्ध्याची सक्ती करण्याचा नैतिक अधिकार मिळतो. ज्याने पाळला नाही त्याचा बांबू कायदेशीर असतो, पण पलीकडच्या माणसाला तो पुरासारखाच वाटतो.

२९/
संध्याकाळी पाऊस धरून येतो तेव्हा एखाद्या रपट्याशी गावचा कोतवाल किंवा पोलीस पाटील डोक्यावर घोंगडी घेऊन उभा असतो. त्याच्याकडे ना गणवेश, ना गाडी. पाणी अजून रपट्याखाली हातभर आहे. समोरून दिवे येतात, तो हात वर करतो, चालक काच खाली करून विचारतो, “अजून पाणी कुठं आहे, दादा?” त्या प्रश्नाला उत्तर देताना त्याच्या पाठीशी कायदा असतो. मे महिन्यातली तयारीही असेल, तर तो निर्धास्तपणे सांगू शकतो : “येईल. तोवर थांबा. पलीकडची सोय झाली आहे.”

(थ्रेड समाप्त)